कडक भाकरी आणि बर्फाचा कप्पा

सकाळची ज्वारीची भाकरी दुपारी उरली तर ती फ्रीजमध्ये ठेवू नये. फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवलेली भाकरी रात्रीच्या जेवणाला चालते. तीच फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवली तर रात्री हाताला चामड्यासारखी लागते, मोडायला गेलं की कडा भुरभुरतात आणि घासाला चव राहत नाही. पावाचं तेच, पोळीचंही बरंचसं तेच. बहुतेक घरांत याचा दोष फ्रीजच्या कोरड्या हवेला दिला जातो. मग भाकरी डब्यात घालून, झाकण घट्ट लावून ठेवली जाते. तरी ती तशीच निघते. पाणी डब्याबाहेर गेलेलं नसतं आणि भाकरी मात्र शिळी झालेली असते.

हे कोडं युरोपात पावाच्या बाबतीत पडलं होतं. १८५२ साली बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की पाव हवाबंद ठेवला, त्यातलं पाणी उडू दिलं नाही, तरी तो शिळा होतोच. आणि असा शिळा पाव साठेक अंशांपर्यंत तापवला की पुन्हा मऊ होतो. म्हणजे शिळं होणं वेगळं आणि वाळणं वेगळं. सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण त्याच्या बोलण्यातच हा भेद आहे. रात्रीची उरलेली ती शिळी भाकरी. महिन्यापूर्वी केलेली, डब्यात रचून ठेवलेली, मोडताना कट्‌कन आवाज करणारी ती कडक भाकरी. तिला कोणी शिळी म्हणत नाही.

पाव किंवा पिठाचा गोळा गोठवून ठेवायचा आणि हवा तेव्हा भाजायचा, ही रीत आता आपल्याकडच्या स्वयंपाकघरांतही आली आहे. तिच्याविषयी लिहिताना मी कडक भाकरीपासून सुरुवात करतो आहे, कारण गोठवणं आणि कडक करणं या मला एकाच युक्तीच्या दोन वाटा वाटतात. एक वाट कळली की दुसरीवर कुठं पाय घसरतो तेही कळतं.

आधी शिळेपणाची गोष्ट. ज्वारीच्या, गव्हाच्या, तांदळाच्या पिठात बहुतांश स्टार्च असतो. कोरड्या पिठात त्याचे बारीक कण असतात आणि प्रत्येक कणात लांबच लांब साखळ्या घडी घालून दाबून बसवलेल्या असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की, ज्वारीच्या बाबतीत सत्तर अंशांच्या आसपास, हे कण फुगतात. घड्या उलगडतात, साखळ्यांच्या मध्ये पाणी शिरतं आणि तिथंच धरलं जातं. तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा मऊपणा तो हाच. भाकरी गार व्हायला लागली की साखळ्या पुन्हा एकमेकींकडे सरकतात, शेजारी शेजारी रांगेत बसतात आणि मधलं पाणी बाजूला सारतात. पाणी भाकरीतच असतं, पण आता ते साखळ्यांच्या कामाचं नसतं. या रांगा म्हणजेच शिळेपण. स्टार्चमध्ये दोन जातींच्या साखळ्या असतात. सरळ असलेल्या अमायलोजच्या रांगा काही तासांतच लागतात. झाडासारख्या फांद्या फुटलेल्या अमायलोपेक्टिनला त्यासाठी काही दिवस लागतात. तापवल्यावर मोडतात त्या मुख्यतः या दुसऱ्या रांगा. शिळी भाकरी तव्यावर पाण्याचा हात फिरवून गरम केली की पुन्हा मऊ होते ती म्हणूनच, आणि तेवढ्यापुरतीच.

आता थंडीचं काम पाहू. रांग लागायची तर दोन गोष्टी व्हाव्या लागतात. आधी कुठंतरी दोन-चार साखळ्यांनी एकत्र येऊन सुरुवात करावी लागते, आणि ही सुरुवात थंडीत लवकर होते. मग बाकीच्या साखळ्यांना सरकत तिथवर यावं लागतं, आणि सरकण्यासाठी थोडी ऊब लागते. दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी वेगानं घडतील असं तापमान शून्याच्या जरा वर, चारेक अंशांवर येतं. आपल्या फ्रीजचा मधला कप्पा नेमका तिथं लावलेला असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कात्झ या डच संशोधकानं वेगवेगळ्या तापमानांना पाव ठेवून हेच पाहिलं होतं. शून्याच्या आसपास पाव सगळ्यांत लवकर शिळा होतो, साठ अंशांवर ठेवला तर जवळजवळ होतच नाही, आणि पुरेसा गोठवला तरीही होत नाही. खाली बर्फाचा कप्पा आणि वर चुलीची ऊब, या दोन टोकांना भाकरी ताजी राहते. मधली जागा तिला मानवत नाही. दूध आणि भाज्या सांभाळण्यासाठी फ्रीज उत्तम आहे, पण भाकरी आणि पाव त्याच्या मधल्या कप्प्यात ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. दमट पावसाळ्यात बुरशीची भीती असेल तेवढाच अपवाद.

आता कडक भाकरीच्या मुलखाकडे येऊ. सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून ४३-४४ अंशांना टेकतो. काळ्या, खोल, भेगाळणाऱ्या जमिनीत पावसाळ्याच्या शेवटी मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून झालेलं होतं. भाकरीसाठी सगळ्यात जास्त मागणी असते ती मालदांडीला. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण तयार झाला. त्यानंतर किती नवे वाण आले, तरी बाजारात दर विचारताना माणसं आजही मालदांडीचंच नाव घेतात.

या ज्वारीच्या टिकण्याला पायऱ्या आहेत. दाणा वर्षानुवर्षं टिकतो, पीठ काही दिवस, भिजवलेलं पीठ काही मिनिटं आणि भाकरी एक दिवस.

दाणा टिकवण्यासाठी या भागात पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, आत कडबा आणि भुसा लावून दाणे भरायचे, वरून तोंड मातीनं लिंपून बंद. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. बंद पेवातला प्राणवायू हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे आपोआप मरतात. पेव उघडल्याबरोबर आत उतरायचं नाही, आधी दिवा सोडून पाहायचा, तो विझला तर थांबायचं, ही खबरदारी याच वायूपायी. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं उपाशी लोकांसाठी उघडली आणि त्याची भरपाई विठ्ठलानं विठू महाराच्या रूपात जाऊन केली. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्या पोटातली गोष्ट खरी आहे: या मुलखात धान्य साठवणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. एका चांगल्या वर्षाची ज्वारी पुढच्या दोन वाईट वर्षांपर्यंत न्यावी लागे.

पीठ मात्र टिकत नाही. ज्वारीच्या दाण्याच्या अंकुरात तेल असतं, ते दळताना पिठात मिसळतं आणि खवट होतं. शिवाय जुन्या पिठाची विरी जाते, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना जुळत नाही, कडा फाटतात. म्हणून ज्वारीचं दळण थोडं थोडं आणतात, आठ-दहा दिवसांचं.

आणि भिजवलेलं पीठ? इथं ज्वारी आणि गहू यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात. गोठवण्याचा विचार करताना हे नीट ध्यानात घेतलं पाहिजे. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं. प्रथिनांचं ते लवचीक जाळं कणकेला ताण देतं आणि सैल पडल्यावरही पुन्हा आवळून घेतं. ज्वारीत ते नाही. ज्वारीचं पीठ एकत्र राहतं ते आधणाच्या पाण्यामुळं. उकळतं पाणी घातलं की पिठातला काही स्टार्च तिथंच फुगतो आणि बाकीच्या पिठाला बांधणारी खळ तयार होते. तळहातानं रगडून रगडून ती सगळीकडे पोचवायची, की भाकरी थापायला तयार. ही खळ गार होऊ लागली की तिच्यातल्या साखळ्या रांगा लावायला लागतात. म्हणूनच मुरलेला हात काठवटीत एका वेळी एका भाकरीपुरतंच पीठ मळतो. एक भाकरी तव्यावर असेल तेव्हा पुढचा गोळा. परातभर पीठ एकदम मळून ठेवणाऱ्या नवख्या माणसाच्या शेवटच्या भाकरीला भेगा पडतात त्या यामुळंच.

असा गोळा गोठवला तर काय होईल ते आता सांगायला नको. बर्फाचे स्फटिक खळीला टोचून तिचे तुकडे करतात, वितळताना पाणी वेगळं सुटतं आणि हाताशी उरतो ओला भुगा. ज्वारीचा गोळा गोठवून ठेवता येत नाही. थापून भाजलेली भाकरी मात्र गोठवता येते, आणि तिच्याकडे मी शेवटी येणारच आहे.

सोलापूरनं टिकवायला निवडली ती भाजलेली भाकरीच, आणि टिकवण्याचं साधन निवडलं ते इथं फुकट आणि भरपूर मिळणारं: कोरडी, तापलेली हवा आणि तव्याची मंद धग. कडक भाकरी नेहमीच्या भाकरीपेक्षा बरीच पातळ असते, पापडाकडे झुकणारी. ती आधी नेहमीसारखी भाजायची. फुगली पाहिजे, पापुद्रा सुटला पाहिजे, कारण मधली वाफ निघून गेली तरच आतपर्यंत कोरड पोचते. मग मंद आचेवर, फडक्यानं दाबत, फिरवत, पूर्ण वाळेपर्यंत ठेवायची. चुलीवर करणाऱ्या बाया भाकरी आरासमोर उभी करून ठेवत आणि पुढची थापायला घेत. घाई केली तर कडा करपतात आणि मध्यभाग ओला राहतो. ओला राहिलेला तो रुपयाएवढा भाग पुढं सगळ्या चवडीला बुरशी लावतो. म्हणून कडक भाकरीची परीक्षा कडेला नसते, मध्यावर बोटानं टिचकी मारून असते.

अशा भाकरीत दोन गोष्टी एकदम थांबतात. पहिली बुरशी. बुरशीला आणि जिवाणूंना वापरता येईल असं मोकळं पाणी लागतं. ओल्या पावात ते भरपूर असतं. कडक भाकरीत जे थोडं पाणी उरतं ते स्टार्चला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की बुरशीला ते सुटत नाही. दुसरी गोष्ट अधिक नवलाची. कडक भाकरीतला स्टार्च काचेसारख्या अवस्थेत जातो. साखळ्या मोकळ्याच असतात, तव्यावर उलगडल्या होत्या तशाच विस्कळीत, पण त्यांना सरकायला वावच नसतो. पाणी साखळ्यांमधलं वंगण असतं, ते काढून घेतलं की त्या जागच्या जागी खिळतात. रांगा लागत नाहीत, म्हणून शिळेपणही येत नाही. महिन्याची कडक भाकरी शिळी नाही असं सोलापूरकर म्हणतो, ते अक्षरशः खरं आहे.

गोठवल्यावरही हेच घडतं. तिथं पाणी काढून घेतलेलं नसतं, बर्फ करून बांधून ठेवलेलं असतं. साखळ्यांना त्याचा उपयोग उरत नाही, बुरशीलाही नाही. सोलापूरची बाई भाकरीतलं पाणी घराबाहेर काढते. डीप फ्रीझर त्याला घरातच कुलूप लावतो.

पण कुलूप लावलेलं पाणी उद्या सुटू शकतं, आणि ते सुटलं की सगळं पुन्हा सुरू होतं. हा फरक सोलापुरात फार महत्त्वाचा आहे, कारण इथं उन्हाळ्यात वीज जाते. बाहेर काढलेलं पाणी मात्र हवेतून परत यावं लागतं. सोलापूरच्या हवेत ते वर्षातले बहुतेक महिने येत नाही. कोकणात येतं. तिथं कडक भाकरी उघड्यावर ठेवली तर संध्याकाळपर्यंत सादळते. कोकणात तांदळाची भाकरी गरम गरम खाण्याची रीत आणि घाटावरच्या कोरड्या पट्ट्यात भाकरी कडक करण्याची रीत, या दोन्हींमागे हवेतला दमटपणा आहे असं मला वाटतं. भाकरी कडक करण्याची ही रीत भाषेची सीमा मानत नाही. विजयपूर-कलबुर्गीच्या कन्नड घरांत तीच खडक रोट्टी, सोलापूरच्या तेलुगू विणकरांच्या घरांत ज्वारीची भाकरी म्हणजे जोन्ना रोट्टे. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी या सगळ्या पट्ट्यात होते. तीही कडक करून ठेवतात, पण तिळातलं तेल खवट होतं म्हणून ती साध्या भाकरीइतकी टिकत नाही. वाळवणं असो की गोठवणं, तेलाचं खवटणं दोन्हींनी पूर्ण थांबत नाही, नुसतं मंदावतं.

सोलापूरच्या कापडगिरण्यांच्या काळात, म्हणजे १८७७ साली निघालेल्या जुन्या गिरणीपासून पुढं, भोंग्याच्या वेळेला बांधलेल्या घरांना ही भाकरी सोयीची होती. आज तिचा धंदा झाला आहे. शहरात अनेक बाया घरी किंवा गटानं कडक भाकऱ्या करतात. शेंगाच्या चटणीच्या पुड्यासोबत त्या पुण्या-मुंबईला आणि त्याहूनही लांब जातात. चटणी आणि भाकरी दोन्ही कोरड्या, दोन्हींना फ्रीज नको.

जगात इतरत्रही कोरड्या किंवा थंड मुलखातल्या माणसांनी हीच वाट काढली. सार्डिनिया बेटावरचे मेंढपाळ महिनोन्‌महिने डोंगरात राहायचे, त्यांच्यासाठी पातळ पाव भाजून, फुगला की त्याचे दोन पापुद्रे वेगळे करून पुन्हा भाजायचे. आपली भाकरी फुगते आणि पापुद्रा सुटतो, तिथपर्यंत त्यांची कृती आणि आपली एकच आहे. स्वीडनमध्ये राईचे गोल कडक पाव मध्ये भोक पाडून, काठीला ओवून आढ्याखाली टांगत. आपल्या बेकऱ्यांमधला टोस्ट हा पावच आहे, दोनदा भाजून कोरडा केलेला. आणि दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या लोकांनी दोन्ही वाटा जोडून टाकल्या. बटाटे रात्रीच्या कडाक्यात गोठवायचे, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचे. तो ‘चुन्यो’ वर्षानुवर्षं टिकतो.

आता गव्हाच्या पावाकडे येऊ. घरी पाव भाजणारी माणसं सोलापुरातही आता भेटतात, आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो: दोन पाव एकदम करते, एक गोठवू की पिठाचा गोळाच गोठवू?

उत्तराआधी गोठवण्याचा नियम पाहू. झटपट गोठवण्याचं महत्त्व क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकन माणसानं ओळखलं. १९१२ नंतरची काही वर्षं तो कॅनडाच्या लॅब्रॅडॉर भागात राहिला. तिथं उणे तापमानात, वाऱ्यात, मासा पकडल्याबरोबर दगडासारखा गोठायचा आणि महिन्यांनी वितळवला तरी ताज्यासारखा लागायचा. हळू गोठलं तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि मांस फाडतात. पटकन गोठलं तर ते बारीक राहतात. १९३० साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याच्या पद्धतीनं गोठवलेले पदार्थ विकायला आले. पावाला हाच नियम लागतो, आणि वर आणखी एक: शून्याच्या वरखालचा जो टप्पा शिळेपणाला फार आवडतो, तो पावानं शक्य तितक्या लवकर ओलांडला पाहिजे. जातानाही आणि येतानाही.

त्यामुळं अख्खा पाव गोठवू नये. पूर्ण गार होऊ द्यावा, नाहीतर आतली वाफ पिशवीत दवासारखी साठते. मग काप करून, एकेक थर करून, पिशवीतली हवा दाबून काढून ठेवावेत. पिशवीच्या आत पुढं जो बर्फाचा भुगा दिसतो तो पावातलंच पाणी असतं. बर्फ वितळल्याशिवाय थेट वाफ होऊन निघून येतो, आणि जिथून निघतो तिथं पाव पांढरा, कोरडा, चव गेलेला होतो. हवा जितकी कमी तितकं हे कमी. नीट बांधलेला पाव दोन-तीन महिने चांगला राहतो. खायचा तेव्हा काप पिशवीतून काढून थेट तव्यावर टाकावा. ओट्यावर वितळायला ठेवणं म्हणजे त्याला पुन्हा चार अंशांच्या टप्प्यात रेंगाळत ठेवणं.

इथं फ्रीझर कसला आहे तेही पाहिलं पाहिजे. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा म्हणजे डीप फ्रीझर नव्हे. काही फ्रीजच्या या कप्प्यावर चांदण्यांची खूण असते. एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. दारावर चिकटवलेल्या वीजबचतीच्या चांदण्यांशी याचा काही संबंध नाही, पण गल्लत पुष्कळांची होते. पाव महिनोन्‌महिने ठेवायचा तर उणे १८ लागतात. एका चांदणीच्या कप्प्यात फार तर आठवडाभर ठेवावा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये तर ठरावीक वेळानं आतलं तापमान थोडं वर जातं, ते पावाला सोसतं पण पिठाच्या गोळ्याला त्रासाचं होतं.

कारण गोळ्यात यीस्ट जिवंत असतं. यीस्टच्या पेशी गोठण्यातून बऱ्याच प्रमाणात वाचतात. त्यांच्यात ट्रेहॅलोज नावाची साखर असते, ती पेशींच्या आवरणाला सांभाळते. पण गोळा फुगायला लागला की यीस्ट ही साखर खर्चून बसतं, आणि मग गारठ्यात मोठ्या संख्येनं मरतं. म्हणून पाव फुगवून मग गोठवायचा हा बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो. गोळा मळून झाल्याबरोबर, फुगायच्या आत, चपटा करून गोठवायला हवा. चपटा अशासाठी की गारवा मध्यापर्यंत लवकर पोचावा. मरणाऱ्या पेशींचा हिशोब धरून यीस्ट नेहमीपेक्षा जास्त, अगदी दुपटीच्या आसपासपर्यंत घालतात. आणि मेलेल्या पेशी नुसत्या निकामी होत नाहीत. त्यांच्यातून ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य बाहेर पडतं आणि ते ग्लुटेनच्या जाळ्यातल्या गाठी सोडवतं. कणीक ढिली पडते, पाव पसरतो, वर येत नाही. तीन-चार आठवड्यांपलीकडे घरचा गोळा ठेवण्यात अर्थ नसतो तो यामुळं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात यात आणखी भर पडते. चाळीस अंशांच्या स्वयंपाकघरात मळता मळताच पीठ फुगायला लागतं, म्हणून बर्फाचं पाणी घ्यावं लागतं. गोळा वितळवायला ओट्यावर ठेवला तर बाहेरचा थर आंबून फसफसतो आणि आत बर्फाची गाठ तशीच असते. त्याला रात्रभर फ्रीजच्या मधल्या कप्प्यातच वितळू द्यावं. भाजलेल्या पावाला नको असलेली ती जागा कच्च्या गोळ्याला मात्र योग्य आहे, कारण त्यातला स्टार्च अजून उलगडलेलाच नाही, रांगा लावणार कोण? आणि वीज गेली तर? दार न उघडता, गच्च भरलेला फ्रीझर साधारण दोन दिवस गार राहतो, अर्धा भरलेला एक दिवस, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी. वितळलेला भाजका पाव त्या दिवशी खाऊन टाकता येतो. वितळून पुन्हा गोठलेल्या गोळ्याचं यीस्ट दुसऱ्यांदा मरतं.

म्हणून त्या प्रश्नाला माझं उत्तर असं: सोलापुरात गोळा गोठवू नका, पाव गोठवा. गरम पावाचा वास हवाच असेल तर पाव अर्धा भाजा. आतून बसला पाहिजे, पण वरून रंग येता कामा नये. गार करून गोठवा आणि हवा तेव्हा तसाच भट्टीत घालून रंगापर्यंत भाजा. यात यीस्टचं काम आधीच संपलेलं असतं, त्याच्या मरण्याची चिंता उरत नाही.

परदेशातल्या मराठी घरांत डीप फ्रीझर सगळ्यात जास्त सांभाळतो तो पुरणपोळ्या. होळीच्या आधी एका शनिवारी वीस-पंचवीस पोळ्या होतात, मध्ये कागद घालून रचल्या जातात आणि पुढचे दोन महिने एकेक करून तव्यावर येतात. पुरणपोळी गोठवायला फार चांगली. गुळानं पाणी धरून ठेवलेलं असतं, त्यामुळं बर्फाचे मोठे स्फटिक होत नाहीत, आणि तूप आवरणाला मऊ ठेवतं. त्याच फ्रीझरमध्ये ज्वारीच्या भाकऱ्याही ठेवतात. ताजी भाकरी गार झाल्याबरोबर, कागद घालून, घट्ट बांधून गोठवलेली. आणि काढल्यावर तशीच गोठलेली तापल्या तव्यावर, वरून पाण्याचा हात फिरवून, झाकण ठेवून. ज्या तव्यावर ती फुगली होती त्याच उष्णतेनं तिच्यातल्या लागलेल्या थोड्याफार रांगा मोडतात. ताज्या भाकरीच्या अगदी जवळ जाते ती, पापुद्रा मात्र पुन्हा सुटत नाही.

कडक भाकरीला तवाही नको. तिला फक्त तिचं पाणी परत द्यायचं असतं, आणि ते देण्याच्या तऱ्हा आहेत. ताटात चुरून वर उकळती आमटी घातली की कडेचे तुकडे लगेच मऊ होतात, मधले दाताखाली कुरकुरतात. काहींना तो कुरकुरीतपणाच हवा असतो, ते आमटी वाटीत वेगळी घेऊन घासागणिक बुडवतात. दूध घातलं तर दोन मिनिटं थांबावं लागतं. थंड दह्यात मात्र ती उशिरा भिजते, आणि भिजेपर्यंत शेंगाची चटणी व कच्चा कांदा पुढ्यात घेऊन तशीच कोरडी मोडून खाल्ली जाते. मग दह्यापर्यंत ती पोचतेच असं नाही.